पडद्याची मागची बाजू

डोणगावच्या बाजारात तंबूतला सिनेमा उतरला, त्याच आठवड्यात जनकाबाईला एक उत्तर द्यायचे होते. पंधरा वर्षांपूर्वी सवत आणून दयारामने तिला घराबाहेर काढले होते. आता ती सवत, रुख्मिणी, वारली होती. दयारामचे अर्धे अंग लुळे पडले होते, आणि त्याचा पुतण्या भगवंतराव जनकाबाईला सोनाळ्याला न्यायला येऊन बसला होता. भाऊ रंगराव 'जा'ही म्हणेना, 'राहा'ही म्हणेना. त्याच्या मुलीला स्थळे येत होती. माहेरी बसलेली आत्या सोयऱ्यांच्या डोळ्यांत खुपत होती.

सिनेमा एका जुन्या कादंबरीवरचा होता: नवऱ्याने टाकलेली बाई, आणि कित्येक वर्षांनी तिला आलेले बोलावणे. ती काय करते, एवढेच पाहायला जनकाबाई गेली.

पुरुष पडद्यापुढे बसत, बायका मागे. चित्र आरपार दिसे, पण उलटे. पडद्यावरच्या पंगतीतले झाडून सारे डाव्या हाताने जेवू लागले, तशी शेजारची अन्नपूर्णाबाई खिदळली, "वो माय, साऱ्याइच्या उजव्या हाताले लकवा झाला काय!"

जनकाबाईला हसू आले नाही.

सिनेमाच्या अखेरीस कुणी बोललेच नाही. बाईने दौत पुढे ओढली आणि पडदाभर तिचे पत्र उमटले. जनकाबाई प्रौढांच्या वर्गात नुकतीच अक्षरे शिकली होती; पण इथे सगळी पाठमोरी उभी होती. एकही ओळख देईना. दिवे लागले.

वाटेत तिने विचारले, "भाऊ, तुमच्या अंगानं सुलट दिसलं असन. काय लिवलं तिनं?"

रंगराव दोन पावले पुढे गेला. "येईन म्हणे ती. आखीर नवरा हाये."

"हाव?"

"हाव."

सकाळच्या मोटारीने ती भगवंतरावाबरोबर गेली.

चार वर्षे तिने दयारामचे हगणेमुतणे काढले. त्याची जीभ वळे तेव्हा सवतीचेच नाव येई. मग तोच सिनेमा सोनाळ्यात आला. तिथे पडदा भिंतीला लागून होता, म्हणून बायकांना दोरी ताणून पुढेच बसवले. पंगत उजव्या हाताने जेवली. पत्र उमटले. जनकाबाईने ओठ हलवत वाचले: 'मी येणार नाही.'

भाऊबीजेला रंगराव आला. ओवाळताना ती म्हणाली, "वाचलं मी ते पत्र."

त्याने ओवाळणी काढून तबकात टाकली.

"तुमची पोरगी सासरी सुखात हाये ना?"

"हाव," तो कसाबसा म्हणाला.

आतून दयारामने हाक मारली, "रुख्मिणी..."

जनकाबाईने तबक खाली ठेवले आणि ती उठली.