मातामायच्या ठाण्यापुढे सांडलेलं धान

मातामायशी मी दोन वर्षं अबोला धरला होता. आमच्या कुरखेड्याकडच्या गावांत शिवेवर या देवीचं ठाणं असतं. येता-जाता हात जोडायची सगळ्यांना सवय. मी मान फिरवून जायची. आधी नवरा गेला, वर्षाच्या आत धाकटा भाऊ. दोघांनाही तोंडाचा कॅन्सर. आणि दोघांना खर्रा घोटून द्यायची मीच. आमचा पानठेला होता ना! सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पाटीवर घासायचं, बस्स. नवऱ्याचं तोंड उघडेना तेव्हा तो प्रसादाचा नारळ सुरीने खरवडून बोटाने गालात सारायचा. विचारलं तर म्हणायचा, दाढ दुखते. "म्हातारा झालास," म्हणून मी हसले होते. ते हसणं मला आजही जाळतं.

ठेला मोडला, पाटी चुलीत घातली. आमच्या बचत गटाच्या बायका कॅन्सरच्या रोग्यांना नागपूरला पाठवायला मदत गोळा करत, त्यांच्यात मीही शिरले. पैसे द्यायला लोक मागेपुढे पाहतात, पण धान निघाल्यावर सूपभर धान सहसा कोणी नाकारत नाही. माझी जीभ तिखट, म्हणून दारोदार फिरायचं काम माझ्याकडे आलं.

त्या दिवशी मात्र एका दारात बाईने चारचौघांसमोर ऐकवलं, "कालपरेंत तूच खर्रा घोटून देत होती ना वं? अन् आता कॅन्सरच्या नावानं धान मागून राह्यली!" खरंच होतं ते. पोतं स्कुटीवर बांधलं नि निघाले. उद्यापासून हे काम दुसऱ्या कुणाला द्यायचं, असं ठरवूनच टाकलं.

आणि नेमकं मातामायच्या ठाण्यापुढे पोतं घसरलं, फाटलं. सगळं धान रस्त्यावर. माझा ताबा सुटला. दोन वर्षांनी पहिल्यांदा तिच्याकडे तोंड करून मी ओरडले, "माहे दोन माणसं नेले, तरी पोट नाई भरलं? हे धानही पाह्यजे तुले?"

ठाण्यापाशी एक अनोळखी शेतकरी नारळ फोडत होता. त्याने सगळं ऐकलं असणार. तो आला, खांद्यावरचा दुपट्टा अंथरला आणि ओंजळीने धान भरू लागला. खडे वेचून टाकत, चांगला तासभर. मग पोतं बांधून दिलं अन् नारळाचा तुकडा पुढे केला. "घ्या बाई. प्रसादावर काऊन राग धरता?"

मी खाल्ला. त्याने मात्र स्वतःचा तुकडा सुरीने खरवडला आणि बोटाने गालात सारला.

मी त्याच्यापुढे सरकले. "भाऊ, तोंड उघडा."

"काई नाई जी, दाढ दुखते."

अगं माय, तेच शब्द! मी तीन बोटं उभी धरून दाखवली. "अशी घाला तोंडात." त्याची दोनही जाईनात. गाल ओढून पाहिला तर आत पांढरा चट्टा अन् जखम. मळणी झाल्यावर दाखवतो, म्हणाला. "धान तुमची वाट पाह्यते भाऊ, हे नाई पाह्यत," म्हणत मी त्याच्या सायकलची चावी काढली नि कमरेला खोचली. दवाखाना झाल्यावरच देईन म्हटलं. तशीच त्याला घेऊन त्याच्या घरी गेले आणि त्याच्या बायकोला सगळं सांगितलं.

नागपूरला जखमेचा तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला, पण सुरुवातीचा. ऑपरेशन झालं, माणूस वाचला. त्याच्या जाण्यायेण्याला आणि बायकोच्या तिथल्या जेवणाला जे धान विकलं, ते त्यानेच रस्त्यावरून वेचलेलं होतं.

कोणी योगायोग म्हणेल, म्हणू दे. माझं भांडण मातामायशी आहे आणि ते चालू आहे, फक्त अबोला संपला. माझ्या माणसांच्या वेळी तू कुठी होती, हे मी तिला अजून विचारते. उत्तर येत नाही. एवढं कळलं, की कोण वाचेल हे माझ्या हातात नाही. पोतं घेऊन फिरणं आहे. ते मी सोडणार नाही, बाकी तिच्यावर सोपवलं. त्या बाईच्या दारातही परत गेले. "हो, मीच घोटत होती, म्हणून तर मागून राह्यली," म्हटलं. ती आत गेली आणि सूप भरून घेऊन आली.

यंदा धान निघाल्यावर तो भाऊ ठाण्यापाशी भेटला. तोंड अजून पुरतं उघडत नाही. नारळ फोडून त्याने मला तुकडा दिला आणि स्वतःचा खरवडायला बसला. त्याचं झाल्यावर मी सुरी मागून घेतली, माझाही तुकडा बारीक खरवडला आणि बोटाने गालात सारला. नवऱ्याची माफी मागायची राहिली होती, ती त्या घासात मागितली.