झोळीच्या हुकाले राउटर

बायांनो, आज आमच्या घरी काय झालं ते ऐका.

घरी नवरा अन् चार देवर, पाचही गेमवाले. आज नवीन राउटर आणला. दुकानदारानं विचारलं, घर केवढं? हे म्हणे, "भैया, जिसमें सबसे ज्यादा डंडी है, वो दो." एवढीच अक्कल!

मी आंघोळ करून आली त सहा महिन्याची पोट्टी पलंगाच्या काठावर एकटी. यांनी तिची साडीची झोळी सोडून त्या हुकाले राउटर टांगला, काहून का हुक घराच्या मधात आहे, रेंज सगळीकडं जाते म्हणे!

एक देवर म्हणे, "भाभी, बच्ची गिरी तो नहीं ना?"

मी राउटर काढला, झोळी बांधली. नवरा म्हणे, "आता हा कुठं ठेवू?" म्हटलं, "तुह्या डोक्यात ठेव, तिथं जागा रिकामीच आहे."

सांगा, यांच्या भरवशावर पोट्टी टाकून मी आंघोळीले तरी कशी जाऊ?