कानबाईचा पाट आणि माझी गभरामण

माझ्या अंगात कानबाई येते असं घरच्यांना वाटत होतं आणि मी मरते आहे असं मला वाटत होतं. दोन्हीही खरं नव्हतं, पण ते कळायला बराच काळ गेला, आणि मी तर स्वतः नर्स आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

सुरतेतल्या एका दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात मी काम करते. आमच्याकडे रोज कुणी ना कुणी बाई छातीवर हात ठेवून येते आणि म्हणते, ‘गभरामण थाय छे,’ म्हणजे जीव घाबरा होतोय. ईसीजी चांगला निघतो, रक्त चांगलं निघतं, आणि नातेवाईक कपाळाला आठ्या घालून म्हणतात की हिला काही झालेलं नाही, नाटकं आहेत. मी मात्र त्या बाईजवळ बसते. चिंतेचा असा झटका येतो तेव्हा माणसाला खरोखर मरण दिसत असतं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. मी तिला टाचा जमिनीला टेकवायला सांगते, जमीन लागते का ते विचारते, आणि श्वास घेण्याची घाई न करता आधी सोडायला सांगते. थोड्या वेळाने तिचे हात सैल पडतात. किती जणींजवळ अशी बसले असेन, त्यांचे चेहरेही आता आठवत नाहीत.

मग तेच माझ्या वाट्याला आलं. पहिल्यांदा भाजी घेताना, आमच्या गोडादरा भागातल्या बाजारात. हाताला मुंग्या आल्या, घसा आवळला, आजूबाजूचे आवाज लांब गेले. पुढे ड्यूटीवरही होऊ लागलं. सलाईन लावताना हात थरथरला की मी खोकल्याचं निमित्त करून बाथरूममध्ये जायची. वॉर्डात सांगितलं असतं तर उद्यापासून माझ्या हाती सुई कोण देणार? घरी सांगितलं असतं तर नोकरी सोड म्हणाले असते. आणि खरं सांगायचं तर मी इतकी थकले होते की आपल्याला काय होतंय याचा विचार करण्याएवढाही जीव उरला नव्हता. ड्यूटी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, पुन्हा ड्यूटी. देवापुढे दिवा लावायची तोही ड्यूटीसारखाच. हात जोडलेले असायचे आणि मनात काहीही उमटायचं नाही.

एकदा घरातच झटका आला आणि सासूबाईंनी पाहिलं. थरथरणारे हात, पांढरे पडलेले ओठ, वर गेलेली नजर. त्यांनी लगेच हळदकुंकू आणलं. आम्ही धुळ्याकडून आलेली माणसं, कानबाई आमच्या घरची. श्रावणातल्या एका रविवारी नारळाला नथ-दागिने घालून तिला पाटावर बसवतात, रात्र जागवतात आणि सोमवारी सकाळी डोक्यावरून मिरवत नदीवर बोळवतात. सासूबाईंनी ठरवून टाकलं की देवी सुनेला धरू पाहते आहे. या खेपेला पाट सुनेच्याच डोक्यावर जाईल, म्हणजे ती शांत होईल. मी नाही म्हणाले नाही. नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि कारण तर मी लपवून ठेवलेलं.

रविवारी ड्यूटी करून आले ती तशीच चुलीपुढे उभी राहिले. मग जागरण. सकाळी टेम्पोने तापीपर्यंत गेलो आणि पुढे वाजतगाजत पायी. नदीच्या घाटाला इथे ओवारा म्हणतात. तिथवर पाट माझ्या डोक्यावर. वाटेत पाट खाली टेकवायचा नसतो. पुढेमागे इतरांच्या कानबाया, ताशे, फुगड्या, गुलाल. मी मनात एकच म्हणत होते: ‘माय, मला बरी करू नकोस, पण पाट पडू देऊ नकोस.’ कितीतरी महिन्यांत देवीशी मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

ओवाऱ्याच्या अलीकडे गर्दी तुंबली आणि माझ्या बोटांना मुंग्या आल्या. पाट हलू लागला तसा बायकांनी गलका केला की देवी आली. ताशेवाला आणखी जोरात वाजवू लागला. कुणी कपाळाला कुंकू फासलं, कुणी पायाशी वाकलं. सासूबाई हात जोडून आमच्या अहिराणीत विचारत होत्या, “काय चुकनं आमनं, माय?” मला ओरडून सांगायचं होतं की धरा मला, मी पडते आहे. आवाजच फुटेना. ज्यांनी धरायचं ते सगळे पाया पडत होते. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या मिरवणुकीतून हिरव्या लुगड्यातली एक वयस्क बाई वळून आली. ती पाया पडली नाही. तिने दोन्ही हातांनी पाट धरला आणि सासूबाईंना म्हणाली, “देवी तिना डोकावर शे, अंगमा नही. पोर भ्यायेल शे.”

ताशा थांबला. सासूबाईंनी जोडलेले हात सोडले. मग पुढे झाल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी त्यांनी पाट स्वतःच्या डोक्यावर घेतला. त्या बाईने मला पायरीवर बसवलं, माझे तळहात आपल्या तळहातांत घेतले.

“टाचा टेक, माय. जमीन लागस ना? श्वास लेवानी घाई करू नको. पह्यले सोड.”

मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती हसली. “तूच सांगेल शे माले, दवाखानामा.”

मला तिचा चेहरा आठवेना. आजही आठवत नाही. माझा श्वास जागेवर आला तशी ती उठली आणि आपल्या माणसांत मिसळली. मी रडत बसले होते, नाव विचारायचं राहून गेलं. वॉर्डात इतक्या बायका येऊन जातात, त्यांतलीच एक असेल. असेलच. पण मी पाट पडू देऊ नकोस म्हटलं होतं आणि पाट पडला नाही, एवढंच मी सांगू शकते.

त्याच आठवड्यात मी मनोविकारांच्या डॉक्टरांकडे गेले. सासूबाई सोबत आल्या. डॉक्टरांनी चिंताविकार असं नाव सांगितलं, जे मी दुसऱ्यांसाठी शंभरदा ऐकलं होतं. गोळ्या सुरू झाल्या, वॉर्डात सिस्टर इन्चार्जना सांगितलं, आणि सुई कुणी काढून घेतली नाही. काही दिवस रात्रपाळी तेवढी काढून घेतली. झटके पूर्ण गेलेले नाहीत. थकवाही आहेच. पण आता दिवा लावताना मी देवीला म्हणते की आज माझ्याच्याने एवढंच झालं, बाकीचं तू बघ. आधी मी शरण जायचं म्हणजे ओझं न कुरकुरता वाहायचं असं समजत होते. डोक्यावरचा पाट दुसऱ्याला घेऊ देणं मला जास्त अवघड गेलं.

यंदा कानबाई बसण्याआधी सासूबाई रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू काढत होत्या. आमच्याकडे हे गहू घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने मोजून घेतात आणि त्यांचा रोट भाऊबंदांनीच संपवायचा असतो. परक्याला त्यातला तुकडाही जात नाही. सगळ्यांचे घेऊन झाल्यावर त्यांनी आणखी एक माप सुपात ओतलं. मी विचारलं, हे कुणाचं?

“ती ओवारावरली मायनं,” त्या म्हणाल्या. “आपलीच शे ती. तिना वाटा तू खाय.”

रोट झाले. देवीला नैवेद्य दाखवला. तिचा वाटा मी टाचा जमिनीला टेकवून, सावकाश खाल्ला.