टेकडीवरचा वाकडा चर

दहावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात वनखात्याने आमच्यासारख्या मुलामुलींचं श्रमशिबिर टेकडीवर भरवलं होतं. पंधरा दिवस, सकाळी सहा ते दहा. पावसाचं पाणी मुरावं म्हणून उतारावर आडवे चर खणायचे. बुधवार पेठेतून सायकल हाणत मी देशकार्याला जातो, असं घरी सांगायचो. खरं कारण विश्रांतवाडीहून यायचं, दोन वेण्या आणि वडिलांची ढगळ टोपी घालून. शिबिर संपलं की वडिलांच्या बदलीमुळे ती नागपूरला जाणार होती. म्हणजे पत्ता विचारायला मला पंधराच दिवस होते!

चर एका पातळीत यावा म्हणून पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरत. एक टोक माझ्याकडे, दुसरं तिच्याकडे. ती उतारावर खालीवर सरकायची. माझ्या टोकाचं पाणी खुणेला आलं की मी ‘बरोबर!’ म्हणून ओरडायचं आणि तिने तिथे चुना टाकायचा. एका मुलीकडे पाहायला सरकारनेच मला उभं केलं होतं. फक्त पाहायचं होतं पाण्याकडे. ती मान वर करून हसली, की मी ओरडे, “बरोबर!”

अकराव्या दिवशी वनरक्षकाने आमच्या चरात टँकरचं पाणी सोडलं. ते सगळं एका टोकाला धावलं आणि बांध फोडून खाली गेलं.

“ह्यो चर हाय का घसरगुंडी?” तो गरजला. “कुनी धरली व्हती नळी?”

मी फुटलेल्या बांधाकडे बघत राहिलो.

“माझं टोक हललं, काका,” ती म्हणाली.

तिची रवानगी खालच्या बांधावर झाली, दगड रचायला. जाताना मला म्हणाली, “मी काही बघायला नकटी नाही रे, पण आता जरा पाण्याकडे बघ.”

मी? नाटकात राजा होणारा, पेठेतला वाचाळ? खांबासारखा उभा!

उरलेल्या चार दिवसांत नळीच्या दुसऱ्या टोकाला एक मिशा फुटलेला पैलवान होता. आमचे चर इतके सपाट आले, की वनरक्षकाने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. ती टाळ्या वाजवत होती. तेव्हा तरी खरं बोलायचं; मी मान झुकवून शाबासकी घेतली. त्यानंतर कुठल्या तोंडाने पत्ता विचारणार?

चूक माझी होती, एवढंच तिला सांगायचं आहे. ते अजून राहूनच गेलंय.