माझ्या स्वागताचं बॅनर

ट्रायपॉड लावून मी वर पाहिलं, तर इमारत दिसतच नव्हती. दिसत होते ते अण्णा. वाढदिवसाच्या बॅनरवर, दोन मजले उंच, हात जोडलेले.

मी इमारतींचे फोटो काढतो. नांदेडला राहतो. लग्नाचे फोटो काढत नाही, हे नातेवाइकांना अजून पटलेलं नाही. लातूरच्या या वाचनालयाचं काम मला बिराजदार सरांनी दिलं. ऐंशी पार केलेले आर्किटेक्ट. ही इमारत त्यांची तरुणपणची. न रंगवलेलं काँक्रीट आणि समोर उभ्या पट्ट्यांची रांग. या पट्ट्यांना सन-ब्रेकर म्हणतात. त्या ऊन अडवतात, वारा आत सोडतात. मे महिन्यात गरिबाची पोरं एसीशिवाय इथे अभ्यास करतात ती त्यांच्या जोरावर. भूकंपातही तिला तडा गेला नव्हता. आता ट्रस्ट तिच्यावर चकचकीत ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकणार होता. काम सोमवारी सुरू होणार होतं. तो दिवस शनिवार.

सरांकडे इमारतीचा एकही धड फोटो नव्हता. "एक दे बाबा," ते म्हणाले, "मग त्यांना काय ठोकायचं ते ठोकू दे."

इमारतीचं तोंड पूर्वेला. आठ ते सव्वाआठ ऊन असं तिरकं येतं की प्रत्येक पट्टीची सावली शेजारच्या पट्टीला नेमकी टेकते. नंतर सगळं सपाट. म्हणजे मला दोन सकाळी मिळून अर्धा तास होता.

ट्रस्टच्या सेक्रेटरींनी हात वर केले. बॅनर अण्णांचा कार्यकर्ता बालाजी याचं, त्यालाच विचारा म्हणाले. बालाजी आला. अण्णांचा वाढदिवस होऊन तीन आठवडे झालेत, हे मी त्याच्या नजरेस आणून दिलं.

"वाढदिवस झाला सर," तो म्हणाला. "शुभेच्छा चालू हायत."

मग मी बोललो. सार्वजनिक इमारतीचं तोंड जनतेचं असतं, ते झाकायचा हक्क कुठल्याही नेत्याला नाही, वगैरे. बालाजीनं शेवटपर्यंत ऐकलं, लई भारी बोलता म्हणाला आणि अण्णांना फोन लावला. उद्या सकाळपर्यंत बॅनर निघेल, असा शब्द मिळाला. तत्त्वाचा विजय झाला, असं मी सरांना कळवलं.

रविवारी साडेसातला पोचलो. अण्णा निघाले होते. त्यांच्या जागी मी होतो.

"नांदेडचे सुप्रसिद्ध फोटोग्राफर यांचे लातूर नगरीत सहर्ष स्वागत." अण्णांपेक्षा दोन फूट रुंद. फोटो माझ्या व्हॉट्सॲपवरचा, शेजारचा मेहुणा कापलेला, माझ्या खांद्यावरचा त्याचा हात तसाच. खाली चाळीस शुभेच्छुक, त्यांत सेक्रेटरीही. बिराजदार सर फाटकाशी खुर्ची टाकून माझ्याकडे बघत बसले होते.

"बालाजीराव, हे काढा."

"न्हाई काढता येत. अण्णा म्हणले, कलाकाराचा मान राखा."

"अहो, माझाच फोटो आहे त्याच्यावर."

"फोटो तुमचा हाय. बॅनर आमचं हाय."

आठला दहा कमी होते. मी वॉचमनची शिडी घेतली आणि दोऱ्या कापल्या. मी धाडकन खाली आलो, म्हणजे बॅनरवरचा मी. बालाजीनं पोलिसांना फोन केला की पाहुण्याचं बॅनर पाडलं, पाहुण्याचा अपमान झाला. कुणी पाडलं ते सांगितलं नाही. त्याची माणसं नव्या दोऱ्या घेऊन शिडीवर चढली, तेवढ्यात समोरच्या चौकीतून जमादार आले आणि त्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं.

"अपमान कुणाचा झाला?"

"माझा," मी म्हणालो.

"केला कुणी?"

"मीच."

जमादारांनी लिहिलेलं खोडलं. प्रकरण इथेच मिटवा, असं सेक्रेटरी म्हणाले. पण फोन आला तेव्हाच डायरीत नोंद पडली होती. आता पंचनामा होणारच, असं जमादारांनी सांगितलं. तोवर जागेला कुणी हात लावायचा नाही, आणि पडलेलं बॅनर मुद्देमाल म्हणून चौकीत. घटनास्थळाचा फोटो हवा होता, आणि त्यांचा फोटोवाला हळदीला गेला होता. त्यांनी माझ्या ट्रायपॉडकडे पाहिलं.

"तुम्ही फोटोवाले ना?"

"हाव," मी म्हणालो.

मी टिल्ट-शिफ्ट लेन्स लावली. साध्या लेन्सनं खालून फोटो काढला तर इमारत वर निमुळती होते. ही लेन्स भिंती सरळ ठेवते. घटनास्थळाला एवढं कशाला, असं जमादारांनी विचारलं. पुरावा वाकडा नको, असं मी सांगितलं. त्यांना ते एकदम पटलं. समोरच्या अकरा मोटारसायकली, पोह्यांचा गाडा आणि बालाजी, सगळं त्यांनी काठीनं फ्रेमबाहेर काढलं. कुठल्याही क्लायंटनं माझ्यासाठी आजवर एवढं केलेलं नाही. आठ वाजून सात मिनिटांनी सावल्या टेकल्या. मी नऊ फोटो काढले.

पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक वॉचमन, दुसरे बिराजदार सर. सरांनी चष्मा लावून कागद मोठ्यानं वाचला: "सदर इमारतीच्या दर्शनी भागाची पाहणी केली असता, त्यावर काहीही मिळून आले नाही."

"बरोबर लिहिलंय जमादार," सर म्हणाले. "तेच डिझाइन होतं." आणि त्यांनी सही केली.

सोमवारी पत्रे ठोकायला सुरुवात झाली. फोटो सरांच्या भिंतीवर आहे, त्याची एक प्रत पोलीस ठाण्याच्या फायलीत.

तेव्हापासून इमारत मोकळी हवी असली की मी परवानगी मागत नाही. कुणीतरी तक्रार करेल एवढंच बघतो.