काळी चार

हिवरखेडचा गोपाल बोंडे चाळीस वर्षं एकाच पट्टीत गात आला, ही गोष्ट अमरावती-अकोल्याच्या ऑर्केस्ट्रावाल्यांत सगळ्यांना ठाऊक होती, कारण गोपालच ती सगळ्यांना सांगत असे. पेटीवरच्या काळ्या पट्ट्या मोजत गेलं की चौथी येते, ती काळी चार. पुरुषाच्या गळ्याला ती उंच पडते. वय झालं की भलेभले गाणारे पेटीवरची दोन-तीन घरं खाली उतरतात, आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही. पण हे गोपालला सांगणार कोण?

दिवसा तो अमरावतीच्या एका शाळेत प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायचा आणि संध्याकाळी खांद्यापर्यंतचे केस मोकळे सोडून माइकसमोर उभा राहायचा. गणपती, देवीचे दिवस, कॉलेजची गॅदरिंग, लग्नं; चांदूर रेल्वेपासून तेल्हाऱ्यापर्यंत 'सूरपालवी' ऑर्केस्ट्रा जाईल तिथे गोपाल. त्याचं हुकमी गाणं अकोल्याच्या मोरोपंतांनी बांधलेलं. पंतांचे वडील याज्ञिक, हे निघाले कीबोर्डवाले. गाण्याची सुरुवात अगदी संथ, प्रेमभंगाची, बायकांनी पदर डोळ्यांना लावावा अशी. शेवटच्या अंतऱ्यात मात्र गिटार कडाडायची आणि गोपाल जो वर चढायचा तो थेट मांडवाच्या छताला. अर्धं रडणं, अर्धं ओरडणं, असं जळणारे म्हणत. जळणाऱ्यांच्या तोंडाला हात कोण लावणार? ती वरची जागा लागली की पंगतीतला माणूस हातातली जिलबी खाली ठेवायचा, हे मात्र खोटं नाही.

तालमीला तो कधीच येत नसे. "आवाज का पाणी हाय, सांडत बसाले?" असं म्हणायचा. तालीम पंत इतरांची घेत. गोपाल वेळेवर यायचा, पंतांकडे बघून नुसती मान हलवायचा, आणि पंत सूर द्यायचे. चाळीस वर्षांत दोघांना यापेक्षा जास्त बोलायची गरज पडली नाही.

सहा वर्षांपूर्वी त्याने सीमा खंडारेला काढलं. बावीस वर्षं तिने त्याच्याबरोबर द्वंद्वगीतं गायली होती. पुढे पुढे तिचे खालचे सूर पुसट व्हायला लागले, हवाच जास्त यायची. मूर्तिजापूरच्या एका कार्यक्रमाआधी, सगळे चहा पीत असताना, गोपाल तिला म्हणाला, "सीमा, तुया आवाज बसला. खालचे सूर लागूनच नाही राहिले. आता घरी बस."

सीमाने पंतांकडे पाहिलं. पंत कपात बघत राहिले. तिने गाण्यांची वही पिशवीत टाकली आणि एसटी धरून अकोल्याला निघून गेली. गोपालला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण कलेत भीड ठेवून कसं चालेल, असं त्याने स्वतःला समजावलं, आणि स्वतःला समजावण्यात तो पटाईत होता.

त्याची धाकटी मुलगी आचल कोरियन गाण्यांची वेडी. एका रविवारी तिने त्याच्यापुढे मोबाईल धरला. "बाबा, हा पाहा. तुमच्याच वयाचा हाय. केसही तुमच्यासारखेच." तिकडचा कोणी गायक होता, चाळीस वर्षं गाणारा. आधी हळवं, मग एकदम गर्जना. तिने एकच गाणं दोनदा ऐकवलं, एक तरुणपणचं, एक गेल्या वर्षीचं. भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण गोपालने डोळे मिटून ऐकलं.

"उतरला हा," तो म्हणाला. "दोन घरं खाली आला."

"तो सोताच सांगते बाबा, स्टेजवर. गळा आता पयल्यासारखा नाही म्हणते. अन् वरची ओळ लोकच गातात त्याच्यासाठी."

गोपाल खो खो हसला. "लोकायनंच गायचं तं यानं काहून यायचं? तुया बाप पाह्य, अजून काळी चार!"

आचलने मोबाईल बंद केला. पुढे तिला ते हसणं फार आठवलं.

यंदा 'सूरपालवी'ला चाळीस वर्षं झाली. अमरावतीत सभागृह घेतलं, गोपालचा सत्कार ठरला. पण तीन महिने आधी मोरोपंतांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला. कीबोर्डवर अदिती नावाची नवी मुलगी आली. हुशार, संगीतात एमए केलेली. कार्यक्रमाआधी तिने विचारलं, "काका, तुमची पट्टी?"

"साऱ्या वऱ्हाडाले ठाऊक हाय, पोरी. काळी चार."

गिटारवाल्या नितेशने झटकन मान वर केली. "पोरी, एकवेळा पंतायले फोन..." तो बोलू लागला. पण गोपाल समोरच उभा होता, शाल पांघरून, सत्काराचा हार गळ्यात. नितेशने वाक्य गिळलं. ढोलकीवाल्याने खाली पाहिलं.

मुखड्यातच गोपालला काहीतरी वेगळं जाणवलं. पायऱ्या चढताना एकेक पायरी कुणीतरी उंच करून ठेवावी तसं. अंतऱ्यापर्यंत मानेच्या शिरा ताठ झाल्या. मग गिटार कडाडली, त्याने केस मागे टाकले, तोंड उघडलं आणि आवाज फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा निघालाच नाही. सभागृह गच्च भरलेलं होतं. पहिल्या रांगेत आचल होती. तिने ती ओळ गायला सुरुवात केली, एकटीनेच, लोक गातील या आशेने. कोणी गायलं नाही.

आत येऊन तो अदितीवर बरसला. "मशीन खराब हाय तुयं!" तिने घाबरत मोबाईलवर सूर दाखवला. अचूक होता. काळी चारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाल पहिल्या एसटीने अकोल्याला गेला. पंत खाटेवर उशीला टेकून बसले होते. आदल्या दिवशीचं त्यांना नितेशकडून कळलेलं होतं.

"पंत, काय झालं माह्या गळ्याले एका दिवसात?"

"एका दिवसात नाही, गोपाल." पंतांचं तोंड एका बाजूला ओढलं होतं, शब्द सावकाश येत होते. "बारा वर्षं झाली. कीबोर्डला एक बटण असतं. बोटं तिथेच राहतात, सूर खाली येतो. तुझी दमछाक होऊन राहिली होती, म्हणून एक घर उतरवलं. सांगणार होतो. पण तू स्टेजवरून उतरून म्हणालास, आज गळा कसा मोकळा लागला पंत! मग माझी जीभच उचलली नाही. मग दुसरं घर. मग तिसरं, चौथं. तू आज पांढरी तीनमध्ये गातोस."

गोपाल खाली फरशीवर बसला. पंतांचा त्याला मनस्वी राग आला, आणि त्या लुळ्या हाताकडे पाहून रागही करता येईना.

"मंग शेवटची खरी काळी चार कुठं गायलो मी?"

"कौंडण्यपूरच्या जत्रेत. आकाशपाळण्याच्या भोंग्यात कुणाला ऐकू आलं नाही. मी ऐकलं."

गोपालने आठवून पाहिलं. जत्रा आठवली, नदी आठवली, गाणं काही केल्या आठवेना. आयुष्यभराची कमाई जिथे संपली ती संध्याकाळच त्याच्याजवळ नव्हती. आणि मग, घरं मोजता मोजता, त्याला दुसरं काहीतरी उमगलं.

"पंत. दोघांच्या गाण्यात पट्टी एकच असते ना?"

पंतांनी डोळे मिटले.

"माही पट्टी खाली आली, तं सीमाची बी आली. बाईच्या गळ्याले तेवढ्या खाली सूर सापडन कसा?" तो खाटेकडे सरकला. "तिले माहीत होतं?"

"पहिल्यांदा तिलाच सांगितलं होतं. ती म्हणाली, राहू द्या, भाऊचं मन मोडन."

बाहेर ओट्यावर येऊन गोपालने सीमाला फोन लावला. सहा वर्षांत पहिल्यांदा. मागे शिलाई मशीनची खडखड ऐकू येत होती.

"भाऊ? आज कशी काय आठवण?"

"सीमा, एक ओळ म्हणून दाखव मले. तुया पट्टीत."

मशीन थांबलं.

"गाणं सुटलं, भाऊ. आता आरतीलेही तोंड उघडत नाही. तुमी चार लोकायत म्हटलं, आवाज बसला. मंग बसलाच तो."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. गोपालने माफी मागायला तोंड उघडलं, आणि आदल्या दिवशी सभागृहात झालं तेच झालं. आवाज निघाला नाही. सीमाने दोनदा "भाऊ?" म्हणून पाहिलं. मग पलीकडे मशीन पुन्हा सुरू झालं.