टवका उडालेला ग्लास

पाणी माझ्या बुटांवर सांडलं. पुठ्ठा फरशीवर पडला. आणि त्याच क्षणी सहावीच्या वर्गातली तीस-बत्तीस पोरं एका सुरात ओरडली, "हवा के दबाव से पुठ्ठा नहीं गिरता, जनाब!"

मी उलटा, रिकामा ग्लास हातात धरून उभा होतो. मागच्या भिंतीपाशी खुर्चीवर इन्स्पेक्टर साहेब बसले होते. त्यांनी माझ्या नोट्सवरून मान वर केली.

मी तिथं कसा पोचलो ते आधी सांगतो.

औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. मिडल स्कूलपासून पुढचं शिक्षण उर्दूत. मी सोयगावच्या शाळेत चार वर्षं हिसाब आणि सायन्स शिकवत होतो, पण माझ्याकडं ट्रेनिंगची सनद नव्हती. एक दिवस हुकूम आला: सनद आणा, नाहीतर जागा सोडा. म्हणून वर्षभराच्या ट्रेनिंगसाठी मी शहरात आलो आणि शहागंजात खोली घेऊन राहिलो.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला दोन पाठ द्यावे लागत. पाठ म्हणजे खऱ्या वर्गावर, इन्स्पेक्टरसमोर घेतलेला तास. एक गणिताचा, एक सायन्सचा. एक पाठ कच्चा निघाला तर चालवून घेत. दोन्ही कच्चे निघाले तर सनद नाही.

माझा गणिताचा पाठ कच्चा निघाला होता. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज मी बरोबर शिकवली होती, पण घाबरून सगळा वेळ फळ्याकडं तोंड करून बोललो. रिपोर्टमध्ये शेरा आला: "उमेदवाराने तख्त्याला उत्तम शिकवले. मुलांना काय मिळाले ते कळले नाही."

तेव्हा हा सायन्सचा पाठ बिघडला की सोयगावची जागा गेली.

आता वर्गाबद्दल. आमच्या ट्रेनिंग स्कूलच्या आवारातच एक शाळा होती आणि सगळे उमेदवार तिथल्याच पोरांवर पाठ घेत. उमेदवार नवे, पण पाठ जुनेच. मागच्या बॅचनं आपल्या नोट्सच्या वह्या पुढच्या बॅचला द्यायच्या, पुढच्यांनी त्या सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायच्या, हा रिवाजच होता. हवेच्या दाबाचा पाठ तर सगळ्यांच्या आवडीचा. ग्लास काठोकाठ भरायचा, वर पुठ्ठा ठेवायचा, ग्लास उलटा करायचा आणि पुठ्ठ्यावरचा हात काढून घ्यायचा. पुठ्ठा पडत नाही, कारण खालून हवा त्याला दाबून धरते. सामान थोडं, खर्च नाही आणि पोरं खूश.

माझा जोडीदार हमीद कन्नड तालुक्यातला. आमच्या बॅचमध्ये सगळ्यात कमी अभ्यास करणारा आणि सगळ्यात निवांत. त्याचा पाठ आदल्या आठवड्यात झाला होता, हाच, आणि पहिल्या नंबरानं.

"साळुंके भाई, फिकीर कायको करते?" तो म्हणाला. "तू फक्त हात हलव. बाकी पोरं बोलतात. आधी तीन दिवस रेवड्या वाट, म्हणजे आवाज जरा मोठा येतो."

रेवड्या वाटायचं मला पटलं नाही. मी यादी केली. मला यादीशिवाय काही सुचत नाही, तेव्हाही सुचत नसे. ग्लास, चार पुठ्ठे, बादली, तांब्या, खडू, डस्टर, नोट्सच्या दोन प्रती असं करत अकरा बाबी. खोलीवर पितळी पेल्यानं प्रयोग सात वेळा करून पाहिला. सातही वेळा पुठ्ठा चिकटून राहिला.

पण पाठाच्या दिवशी पितळी पेला चालणार नव्हता. आतलं पाणी पोरांना दिसायला हवं, म्हणून ग्लास काचेचाच लागे. तो सकाळी सामानाच्या कपाटातून सही करून घ्यायचा. मी गेलो तेव्हा कपाटवाल्या मियाँनी शेवटचा ग्लास काढून दिला. "सँभाल के, मास्टर. बाकी सब गए," म्हणाले. मी ग्लास उजेडात धरून पाहिला. स्वच्छ होता. यादीत "ग्लास" या शब्दापुढं टिक केली.

कडेवरून बोट फिरवायचं यादीत नव्हतं. त्यामुळं फिरवलं नाही.

तर पाणी सांडलं आणि वर्गानं बरोबर उत्तर दिलं.

नोट्सप्रमाणं माझं पुढचं वाक्य होतं, "शाबाश! बहुत ख़ूब!" मग निष्कर्ष फळ्यावर लिहायचा. मागं, पाठ बघायला आलेल्या उमेदवारांच्या बाकावर हमीद बसला होता. तो हातानं खूण करत होता: लिही, पुढं चल. खरं सांगायचं तर माझा खडू फळ्याला टेकलाही होता. इन्स्पेक्टर साहेबांनी मान वर केली ती ओरडा ऐकून, पुठ्ठा पडताना कदाचित त्यांनी पाहिला नसेल. उत्तर बरोबर होतं. वेळेतही होतं.

पण तोंड फळ्याकडं होतं आणि गणिताच्या पाठाचा शेरा आठवला. मी परत पोरांकडं तोंड केलं.

वर्गाचा मॉनिटर युसुफ पहिल्या बाकावर होता. कोरस तोच सुरू करायचा. सवयीनं त्यानं पुठ्ठा पडायच्या आधीच तोंड उघडलं होतं, आणि आता तो माझ्या बुटांकडं बघत होता.

"युसुफ, क्या हुआ?" मी विचारलं.

तो ताडकन उभा राहिला. "हवा के दबाव से पुठ्ठा नहीं गिरता, जनाब."

"वो नहीं. तूने आँख से क्या देखा?"

तो हळूच म्हणाला, "गिर गया, जनाब."

"तो फिर ऐसा क्यों बोला?"

"जनाब, इस सबक में ऐसाच बोलते." तो अगदी मनापासून सांगत होता. "हमीद जनाब के टाइम भी ऐसाच बोले थे. उनके पहले वाले जनाब को भी."

सगळा वर्ग हसला. हमीदनं वही तोंडापुढं धरली. इन्स्पेक्टर साहेबांनी पेन खाली ठेवलं. आता सनद गेली, हे मी मनात धरूनच टाकलं. एकदा ते धरल्यावर मात्र बरं वाटायला लागलं, कारण आता नोट्सप्रमाणं चालायची गरज उरली नव्हती.

"ठीक है," मी म्हणालो. "आज गिर गया. क्यों गिरा?"

या प्रश्नाचं उत्तर कोणत्याच वहीत नव्हतं. अखेर तिसऱ्या बाकावरून विठ्ठल नावाचा मुलगा अर्धा उठला. त्याला उर्दू वाचता येई, पण बोलताना अडखळायचा. "जनाब, वो... ग्लास का..." म्हणून थांबला.

"मराठीत सांग," मी म्हणालो. इन्स्पेक्टरसमोर हे म्हणायचं नसतं, ते मला माहीत होतं.

"ग्लास दावा की जरा," तो म्हणाला आणि पुढं आला. त्यानं कडेवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. "हे बघा. हितं टवका उडालाय. हितून वारं आत शिरलं."

"चल, झूठ!" युसुफ पुढं झुकला. "इतनी सी जगह से?"

"तू घाल की बोट!"

युसुफनं बोट घातलं. मग मागच्या बाकावरची दोघं उठून आली. त्यांना बसवायचं मी विसरलो.

"पण वारं शिरलं तर पाणी का पडावं?" मी विचारलं. "वारा काय पाण्याला ढकलतो?"

विठ्ठलनं तळवा खालून वर दाबून दाखवला. "ढकलतंय की. बाहेरचं वारं पुठ्ठ्याला वर दाबत व्हतं. आत वारं नव्हतं तवर त्याचं चाललं. आता आत बी वारं गेलं. मग ते वरून दाबणारच की."

"दोनों तरफ से दबाया," युसुफ म्हणाला, "तो पानी अपने वज़न से गिरा." आणि मग माझ्याकडं बघून, "सही है, जनाब? बोलना क्या?"

"अभी नहीं. पहले देखेंगे."

दुसरा ग्लास हवा होता. कपाट रिकामं. मी वर्गभर नजर फिरवली. अख्ख्या खोलीत काचेचा एकच ग्लास होता. तो इन्स्पेक्टर साहेबांच्या शेजारच्या स्टुलावर, त्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी ठेवलेला, वर जाळीचा रुमाल घातलेला.

माझी नजर तिथं अडकलेली त्यांनी पाहिली. त्यांनी रुमाल काढला, उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि ग्लास पुढं केला. "लीजिए. पहले किनारा देख लीजिए."

मी बोट फिरवलं. विठ्ठलनं फिरवलं. युसुफनंही फिरवलं. काठोकाठ भरला, कोरडा पुठ्ठा ठेवला, उलटा केला. पुठ्ठ्याखालचा हात मी हळूहळू काढला.

पुठ्ठा राहिला.

कोरस झाला नाही. पोरं नुसती बघत राहिली. युसुफ खाली वाकून पुठ्ठ्याखाली हात नेत होता, तिथं कोणी काही धरलंय का ते पाहायला. मागून कुणीतरी म्हणालं, "अब नै गिरा, रे."

तास संपायची घंटा झाली. माझ्या फळ्यावर एकही ओळ नव्हती.

दुपारी साहेबांनी ऑफिसात बोलावलं. ते उर्दूत बोलले, मी मराठीत सांगतो.

"नोट्समध्ये पाठ असा नाही."

"नाही साहेब."

"नोट्स कुणाच्या?"

"मागच्या बॅचच्या. मी उतरवून घेतल्या."

"त्यांनी?"

"त्यांच्या मागच्या."

ते थोडं हसल्यासारखे झाले. "हा पाठ मी इथं इतक्या वेळा ऐकलाय की मलाही त्या मुलांबरोबर ओरडता येईल. वर्गात मराठी का बोललात?"

"मुलाला कळलं होतं, साहेब. उर्दूत सांगता येत नव्हतं."

त्यांनी काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

निकाल चार वाजता व्हरांड्यातल्या बोर्डावर लागला. मी पायऱ्यांवरच थांबलो. पुढं जायचा धीर होईना. हमीद गर्दीत घुसला आणि तिथूनच ओरडला, "साळुंके भाई! पास! और सुन, नंबर मेरे से ज़्यादा!"

मी पायरीवर बसलो. सकाळपासून ओले असलेले मोजे आता कुठं जाणवायला लागले.

हमीद शेजारी येऊन बसला. "मैं तीन दिन रेवड़ियाँ बाँटा," तो म्हणाला, "और तू बूट भिगा के आगे निकल गया. मेरेको भी फूटाच ग्लास लेना था."

आठ दिवसांनी मी सोयगावला परतलो, सनद घेऊन. पुढं अनेक वर्षं शिकवलं. आता नव्या शिक्षकांचे पाठ बघायचं काम माझ्याकडं आहे आणि वह्या अजूनही एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडं जातात. ते मी थांबवू शकलेलो नाही. मी एवढंच करतो, की सायन्सच्या कपाटात दोन ग्लास ठेवतो, एक साबूत आणि एक टवका उडालेला. हवेच्या दाबाचा पाठ घेणाऱ्याला आधी टवका उडालेला देतो.

माझी यादी आता तेरा बाबींची आहे. बारावी: ग्लासच्या कडेवरून बोट फिरवणे. तेरावी: फडकं. ते त्या दिवशी मी विसरलो होतो, आणि रिपोर्टमध्ये त्याबद्दल एक गुण कापलेला आहे. शेरा असा: "पाठ उत्तम. फरशी शेवटपर्यंत ओली."